राखाडी तलंग

कोंबड्यांच्या दुनियेत एकही रंग स्वतःच्या नावानं नांदत नाही. 'निळी' म्हणतात ती कोंबडी असते पाटीच्या दगडासारखी. ते नाव ठेवणाऱ्यानं जन्मात आभाळाकडे मान वर करून पाहिलं नसावं. 'लाल' म्हणजे तपकिरी. 'सोनेरी' म्हणजे भाजलेल्या बिस्किटासारखी. 'चांदी' म्हणजे पांढऱ्यावर काळे शिंतोडे, आणि ते शिंतोडे जरा इकडचे तिकडे झाले की तीच चांदी बाद. एक काळी तेवढी खरोखर काळी. आणि थोरल्यांच्या घराण्याचा सगळा तोरा या एका शब्दावर उभा होता.

त्या काळ्यालाही अटी होत्याच. उन्हात धरल्यावर पिसांवर हिरवी झाक मारायला हवी. जांभळी मारली तर पक्षी कामातून गेला. पंखाच्या मुळाशी एक पांढरं पीस सापडलं तरी कोंबडीपालक संघाचे परीक्षक असं तोंड करत, जणू त्यांच्याच चहात माशी पडली आहे. थोरले स्वतः त्या संघाचे अध्यक्ष. त्यांच्या बैठकीच्या खोलीत काचेच्या कपाटात कप, कपांच्या वरच्या फळीवर कप जिंकलेल्या कोंबड्यांचे फोटो. माणसांचे फोटो दुसऱ्या खोलीत होते.

हे कप जिंकणाऱ्या कोंबड्यांची शी मात्र धाकटी काढायची.

धाकटी म्हणजे धाकटी सून. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्या घरात ती धाकटीच राहिली. खुराडी तिच्याकडे, दाणापाणी तिच्याकडे, आजारपणं तिच्याकडे. थोरले प्रदर्शनाच्या तीन महिने आधी यायचे, पाठीमागे हात बांधून खुराड्यांसमोरून फिरायचे आणि बोट दाखवायचे. तिचा नवरा म्हणजे थोरल्यांचा धाकटा भाऊ. तो छापखान्यात नोकरीला होता आणि घरी आला की "मला यात ओढू नका" एवढं एकच वाक्य बोलायचा. ते मात्र तो फार सुंदर बोलायचा.

एकच काम सासऱ्यांनी कधी कुणाला करू दिलं नव्हतं. त्याला घरात 'डाग काढणं' म्हणत. पिल्लं अंड्यांतून बाहेर आली, सुकली, उभी राहिली की सासरे दार लावून आत जायचे. काळ्या जातीची पिल्लंही पोटाकडून पिवळट-पांढरी असतात, म्हणून नवख्याला काही कळत नाही. सासऱ्यांना कळायचं. ते बाहेर यायचे तेव्हा पिल्लं काळी आणि फक्त काळी असायची. कितीतरी वर्षं धाकटीला वाटत होतं, की ते अशक्त पिल्लं काढतात. तिनं कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

मग सासऱ्यांची नजर गेली. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं फसलं, दुसऱ्याचं त्यांनी भीतीनं करूच दिलं नाही. त्या हंगामात त्यांनी धाकटीला दाराशी बोलावलं आणि म्हणाले, "आता तू जा आत. राखेच्या रंगाचं असेल ते काढून टाक. बाहेर बोलायचं नाही."

धाकटी आत गेली. काळ्या पिल्लांच्या घोळक्यात दोन राखाडी पिल्लं होती. मळकी नाहीत, आजारी नाहीत. चुलीतल्या थंड राखेसारखी मऊ आणि सगळीकडून सारखी. त्यातलं एक तिच्या अंगठ्यावर चढलं आणि नखाला चोच मारू लागलं, दाणा समजून. इतकी वर्षं या बंद दाराआड काय चाललं होतं, ते तिला एका क्षणात समजलं, आणि तिला सासऱ्यांचा असा राग आला की तिनं दोन्ही पिल्लं पदरात घेतली आणि मागच्या धुण्याच्या खोलीत नेऊन ठेवली. बाहेर येऊन म्हणाली, "झालं."

एक पिल्लू पहिल्या थंडीत गेलं. दुसरं जगलं. त्याची तलंग झाली, अजून अंड्यावर न आलेली भरदार तरुण कोंबडी. अंगानं सरळ थोरल्यांच्या लाडक्या कोंबड्यावर गेलेली. त्या कोंबड्याला घरात 'सरदार' म्हणत; सलग कप त्याच्या नावावर होते. तीच रुंद छाती, तोच पाच दातऱ्यांचा उभा तुरा, तीच चालताना पाय जरा जास्तच उचलायची खोड. फक्त रंग राखाडी.

झाकली मूठ फार दिवस टिकली नाही. प्रदर्शनासाठी पक्षी निवडायला थोरले आले, नेमकी तेव्हाच तलंग धुण्याच्या खोलीतून बाहेर आली आणि त्यांच्या चकचकीत बुटांसमोर येऊन उभी राहिली.

"हे काय आहे?" थोरले म्हणाले.

"तलंग आहे, भावजी."

"ते दिसतंय मला. कुठून आणलीस?"

"आणली नाही. सरदारची आहे."

थोरल्यांनी आधी इकडे तिकडे पाहिलं. शेजारच्या भिंतीपलीकडे कुणी नाही, याची खात्री केली. मग आवाज उतरवून म्हणाले, "सरदारची कशी असेल? दोन काळ्यांच्या पोटी हे निघतं का कधी? तुझं लक्ष नव्हतं. जाळी उघडी राहिली असणार, बाहेरचा कुठला तरी कोंबडा आत शिरला असणार. बाहेरचं रक्त लगेच दिसतं."

बाहेरचं रक्त. धाकटीला तो शब्द नवा नव्हता. तो तिनं या घरात एकदा ऐकला होता, आणि तेव्हा तो कोंबड्यांविषयी नव्हता.

घर सगळं काळ्याभोर डोळ्यांचं. सासू-सासरे, थोरले, नवरा, आणि धाकटीचे स्वतःचेही डोळे काळेच. तिची मुलगी जन्मली आणि तिनं डोळे उघडले तर ते घारे. करडे, पाण्यासारखे. सासूबाई वाकून पाहत म्हणाल्या होत्या, "कुणावर गेलीय ही?" प्रश्न साधाच होता. पण विचारून झाल्यावर त्यांनी धाकटीकडे पाहिलं, आणि ते पाहणं साधं नव्हतं. थोरले हसत म्हणाले होते, "बाहेरचं रक्त दिसतंय." नवरा गप्प. सासरे कोपऱ्यात वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी ते खाली केलं नाही. पोरीचं नाव पडलं घारी. धाकटीनं त्या दिवशी खाली घातलेली मान नंतर वर केली, पण ती घातली होती हे ती विसरली नव्हती.

घारी आता सव्वीस-सत्तावीस वर्षांची होती, इलेक्ट्रिशियन होती, कानामागे टेस्टर खोचून गावभर फिरायची आणि कुणी नाव विचारलं तर स्वतःहून "घारी" म्हणून सांगायची. संध्याकाळी आईनं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, "काकांचं डोकं म्हणजे जुनं वायरिंग आहे, आई. एका जागी करंट, बाकी सगळीकडे अंधार."

"हसण्यावारी नेऊ नकोस," धाकटी म्हणाली. "या वेळी मी ऐकून घेणार नाही."

दुसऱ्या दिवशी थोरले पुन्हा आले. रात्रभर विचार करून त्यांनी तोडगा काढला होता, आणि तो धाकटीच्या भल्याचाच आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

"बांधा उत्तम आहे तिचा," ते म्हणाले. "वाया कशाला घालवायची? 'निळी' म्हणून ठेवू. निळ्यांची रांग वेगळी, तिथं आपलं नाव नाही, कुणाला संशय नाही. बक्षीस तूच घे. फक्त पुकाऱ्याच्या वेळी 'आणलेली' म्हणायचं."

पुकारा ही संघाची जुनी रीत. प्रदर्शन उघडलं की पुकारणारा पिंजऱ्यापिंजऱ्यासमोर थांबतो, जात आणि रंग मोठ्यानं म्हणतो, आणि त्या घराण्यातला वडीलधारा उभा राहून एका शब्दात सांगतो: 'घरची' किंवा 'आणलेली'. त्या शब्दाला संघात किंमत होती. 'घरची' म्हणजे आपल्याच खुराड्यात, आपल्याच पक्ष्यांच्या पोटी. खोटं बोललेलं उघडकीला आलं तर घराणं संघातून बाहेर. संघाच्या नियमांत असंही होतं, की नमुन्याबाहेरचा रंग निघालेला पक्षी आईबापांच्याच रांगेत मांडता येतो, वडीलधाऱ्यानं 'घरची' म्हटलं तर. पण तो नियम आजवर कुणी वापरला नव्हता. आपल्या काळ्यात राखाडी निघतं, हे चारचौघांत कोण सांगणार?

"ती निळी नाही," धाकटी म्हणाली. "निळीच्या पिसाला गडद कड असते. हिला आहे का? बघा. सगळीकडून एकसारखी राखाडी. आणि ती आणलेली नाही. घरची आहे. काळ्यांच्या रांगेत, बापाशेजारी बसेल."

"वेड लागलंय का तुला? आपली काळी जात डागी ठरेल!"

"मग सिद्ध करा बाहेरचा कोंबडा शिरला ते."

"ते कसं करणार?"

"कुलूप लावा," धाकटी म्हणाली. "सरदार आणि त्याच्या सगळ्या कोंबड्या एका खुराड्यात. कुलूप तुमचं, किल्ली तुमची. दाणा मी जाळीतून टाकीन. पहिल्या महिन्याची अंडी खाऊन टाका, आधीच्या कुठल्या कोंबड्याचा अंश पोटात राहिला असेल तर तोही संपेल. त्यानंतरची अंडी तुम्ही स्वतः गोळा करा, तुमच्या खोलीत, तुमच्या यंत्रात उबवा. सगळी काळी निघाली तर खुराड्यांच्या किल्ल्या तुमच्या हातात देऊन मी बाजूला होईन, आणि तलंगेचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. एक जरी राखाडी निघालं, तर ती काळ्यांच्या रांगेत."

थोरल्यांना हसू आलं. त्यांना आपल्या काळ्याची इतकी खात्री होती, की त्यांनी बाजारातून भलंमोठं पितळी कुलूप आणलं. त्या जाळीच्या दाराला ते शोभतही नव्हतं.

महिनाभर सगळ्या घरानं अंडी खाल्ली. उकडून, तळून, पुन्हा उकडून. नवरा एकदा ताट पाहून म्हणाला, "मला यात ओढू नका," आणि तरी दोन खाल्ली. त्यानंतर थोरले रोज सकाळी स्वतः येऊन कुलूप उघडायचे, कडक इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सरसावून अंडी काढायचे आणि कोंबड्यांच्या टोचा खायचे. अध्यक्षांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं, की खुडूक कोंबडीखाली हात घालायचा असतो तेव्हा पालथा घालतात, म्हणजे टोच तळव्याला बसत नाही. धाकटीनं ते त्यांना चौथ्या टोचेनंतर सांगितलं. आधी सांगावंसं वाटलं नाही.

अंडी उबायला यंत्रात गेली आणि धाकटीचा जीव टांगणीला लागला. दिवसा ती ठणठणीत असायची, पण भांडी घासताना मधेच हात थांबायचा. न निघाली तर? दर वेळी निघतीलच असं कुठं आहे? सासऱ्यांनी "राखेच्या रंगाचं असेल ते" म्हटलं होतं, म्हणजे एखाद्या वर्षी नसतही असेल. तलंग तिच्या पायाशी माती उकरत असायची, तिला कशाचं सुतक नव्हतं. "तुझं काय जातंय?" धाकटी तिला म्हणायची. आणि मग आठवायचं, की सगळं तिचंच तर जाणार आहे.

पिल्लं निघायच्या दिवशी थोरल्यांच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. कपांच्या कपाटासमोर यंत्र, यंत्राशेजारी आरामखुर्चीत सासरे. घारी दाराशी, हात घडी घालून उभी. "मी मशिनला हात लावणार नाही," ती म्हणाली. "नंतर वायरचं निमित्त नको."

थोरल्यांनी झाकण उघडलं. आत चिवचिवाट. त्यांनी एकेक पिल्लू उचलून टोपलीत ठेवायला सुरुवात केली. काळं. काळं. काळं. त्यांचा आवाज चढत गेला. काळं! मग थोरल्यांचा हात यंत्रातच थांबला आणि बाहेर येईना.

"काढा की, काका," घारी म्हणाली.

ते पिल्लू राखाडी होतं. त्याच्या मागं आणखी एक होतं, आणि कोपऱ्यात तिसरं, अजून ओलं, कवचाची टोपी डोक्यावर घेऊन बसलेलं.

थोरल्यांनी कुलपाची किल्ली खिशातून काढून पाहिली, जणू तिनंच दगा दिला होता. मग म्हणाले, "यंत्र जास्त तापलं असेल. उष्णतेनं रंग उडतो."

"यंत्र नव्हतं तेव्हाही निघायची," आरामखुर्चीतून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. सासरे समोर कुठंच न पाहता बोलत होते. "माझ्या वडिलांच्या वेळेपासून निघतात. त्यांनी मला काढायला शिकवलं. पिल्लू टाकायचं आणि बोलायचं नाही."

"आणि बापाला कप द्यायचा," धाकटी म्हणाली. "त्याचीच अंडी गावभर वाटायची. बाबा, डाग पिल्लात असता तर तो पहिल्याच वर्षी संपला असता. तो तुम्ही टाकत होता त्यांच्यात नव्हता, ठेवत होता त्यांच्यात होता!"

धाकटीला तिथं थांबता आलं असतं. ती जिंकली होती. तलंग वाचली होती. पण एक प्रश्न तिनं सव्वीस-सत्तावीस वर्षं दाबून धरला होता.

"म्हणजे दोन काळ्यांच्या पोटी काळं नसलेलं निघतं, हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"बाहेरचं कुणी न येता?"

"हो."

"घारी झाली तेव्हाही माहीत होतं?"

थोरले मधेच म्हणाले, "ते आता कशाला उकरतेस..."

"भावजी, तुम्ही पिल्लं मोजा," धाकटी म्हणाली. "बाबा, मी तुम्हाला विचारतेय."

म्हाताऱ्याच्या हाताची बोटं खुर्चीच्या दांड्यावर हलली. "होतं," तो म्हणाला. "माझ्या आजीचेही डोळे घारेच होते."

"मग वर्तमानपत्र का नाही खाली ठेवलंत?"

सासरे म्हणाले, "तुझ्या सासूशी कोण वाद घालणार होतं?"

"मी घातला असता!" धाकटीचा आवाज फुटला. "कडाकडा भांडले असते. मला फक्त एवढंच कळायला हवं होतं, की तुम्हाला खरं माहीत आहे. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं."

तिनं डोळे पुसले नाहीत. पुसावे असं तिला वाटलं नाही. "प्रदर्शनात पुकाऱ्याला तुम्ही उभं राहायचं," ती म्हणाली. "भावजी नाहीत. घरात वडील तुम्ही आहात. आणि जे इथं म्हणालात तेच तिथं म्हणायचं."

प्रदर्शन एका शाळेच्या मोठ्या सभागृहात होतं. पिंजऱ्यांच्या लांब रांगा, खाली भुसा, वर ट्यूबलाइट, आणि शेकडो कोंबड्यांचा एकच कल्ला. काळ्यांची रांग नेहमीप्रमाणे मधोमध. तिच्यात सरदार छाती काढून उभा, आणि त्याच्या शेजारच्या पिंजऱ्यात राखाडी तलंग. इतक्या काळ्यात ती अशी उठून दिसत होती, की लोक दारातूनच थबकत होते. कुणी म्हणालं, चुकून इथं ठेवली. कुणी म्हणालं, धुताना रंग गेला. संघातलाच एक बेकरीवाला मात्र तिच्यासमोर फार वेळ उभा राहिला आणि काही न बोलता आपल्या पिंजऱ्याकडे गेला. त्याची काळी जात थोरल्यांच्याच घरच्या अंड्यांवर उभी होती. पोस्टमास्तरचीही. तशी निम्म्या रांगेची. धाकटी सगळ्यांकडे सरळ पाहत पिंजऱ्याला टेकून उभी होती.

रांगेच्या टोकाला एक दिवा फडफडत होता, म्हणून घारी शिडीवर चढली होती. सासरे पिंजऱ्यासमोर स्टुलावर बसले होते. थोरले अध्यक्षांच्या खुर्चीवरून उठून एकदा येऊन गेले. "बाबा," ते कानाशी वाकून म्हणाले, "अजून वेळ आहे. 'आणलेली' म्हणा. एक शब्द. घराण्याचा प्रश्न आहे." धाकटीनं ते ऐकलं. ती मधे पडली नाही. आता जे बोलायचं ते त्यांनाच बोलायचं होतं.

पुकारणारा आला. सरदारसमोर थांबून गरजला, "काळा कोंबडा!"

"घरचा," सासरे उभं राहत म्हणाले.

पुकारणारा पुढच्या पिंजऱ्यासमोर आला आणि अडखळला. त्यानं एकदा पक्ष्याकडे पाहिलं, एकदा अध्यक्षांकडे. "रंग काय म्हणू?"

"दिसतो तो म्हणा," धाकटी म्हणाली. "राखाडी."

"काळ्यांच्या रांगेत... राखाडी तलंग!" त्याचा आवाज शेवटी वर गेला, प्रश्न विचारल्यासारखा. आसपासची माणसं बोलायची थांबली. कोंबड्यांना त्याचं काही नव्हतं, त्यांचा कल्ला चालूच होता.

सासऱ्यांचा हात पिंजऱ्याची जाळी शोधत होता. ती सापडली, आणि तलंगेनं जाळीतून त्यांच्या बोटाला टोच मारली. ते काहीतरी पुटपुटले. ओठ हलले, एवढंच दिसलं. धाकटीला वाटलं, संपलं. हा माणूस पुन्हा वर्तमानपत्रामागे गेला.

तेवढ्यात शिडीवरून आवाज आला.

"आजोबा, जरा जोरात! मागच्यांना ऐकू आलं नाही."

म्हाताऱ्यानं मान वर केली. त्याला घारी दिसणं शक्य नव्हतं. पण तो पिंजऱ्याकडे पाठ करून तिच्या आवाजाकडे वळला, आणि त्या आवाजाला उद्देशून, सभागृहाच्या भिंतींवर आदळेल एवढ्या मोठ्यानं ओरडला, "घरची! घरचीच आहे! आमच्या रक्ताची आहे!"

पहिल्यांदाच सगळ्या कोंबड्या गप्प झाल्या. अध्यक्षांच्या खुर्चीजवळ थोरल्यांनी खाली पाहिलं. तीन पिंजरे सोडून पलीकडे बेकरीवाला घसा खाकरून, कुणी न विचारताच म्हणाला, "आमच्याकडेही निघतात."

शिडीवर घारी तशीच उभी होती, हातात ट्यूब धरून. तिनं आईकडे पाहिलं. धाकटीनं तिला मान हलवून खूण केली, आणि घारीनं ट्यूब फिरवून बसवली. दिवा लागला.